आधी नवऱ्याला आण

सोलापुरात तुम्हाला सगळ्यात जास्त कुणी छळलं, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून डॉक्टर शांता उमराणीकर हे नाव सांगेन. उन्हाळा, पाणीटंचाई, भर दुपारी जाणारी वीज हे सगळं त्यांच्या मागनं. माझं एक्स-रे क्लिनिक तळमजल्यावर, त्यांचा बायकांचा दवाखाना वर, आणि मधे एक अरुंद जिना. त्या जिन्यानं माझ्या नाकी नऊ आणले. बाई केव्हा खाली उतरतील याचा नेम नसे. दार वाजवणं नाही, 'येऊ का' नाही. माझ्यासमोर कुणी मोडका हात धरून कण्हत असो, बाई सरळ आत यायच्या, डार्करूममधनं परस्पर उचललेली ओली फिल्म माझ्या नाकासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "फोटोवाले, ही बघ आणि मग खोटं बोल."

फिल्मचं पाणी माझ्या लिहीत असलेल्या रिपोर्टवर टपटप गळायचं. मी रेडिऑलॉजीत एम.डी. केलेला माणूस. बाई मला फोटोवाले म्हणायच्या. महिन्याभरात त्यांची आया म्हणायला लागली आणि वर्षभरात पेशंटही. लग्नाचे फोटो काढता का, असंही एकानं विचारलं. मी बाईंना हे रागानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग काढायचे की. नवऱ्या तरी हसऱ्या मिळतील."

बाई अक्कलकोटकडच्या. घरची बोली कानडी, शाळा मराठी, डॉक्टरकी इंग्रजी आणि शिव्या तिन्ही भाषांत. विणकर पेठांतल्या बायकांनी शिकवलेलं थोडं तेलुगूही होतं, तेही रागावण्यापुरतंच. अंगानं ठेंगण्या, रुंद. काठाची सुती साडी, वर पांढरा कोट, त्याचं एकही बटण कधी लावलेलं नाही. दुपारचं जेवण उभ्या उभ्या: कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी आणि पेशंटची चौकशी, तिन्ही एकाच वेळी तोंडात. लग्न केलं नव्हतं. त्यावरनं मागं पुष्कळ बोललं जायचं, पण समोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

मूल होत नाही म्हणून आलेल्या बायका ही त्यांची खास बाजू. अक्कलकोट, मंद्रूप, पार तिकडून केमहून रेल्वेनं बायका यायच्या. बरोबर सासू, कधी आई, कधी दोघी. नवरा नाही. आणि इथंच पहिली ठिणगी पडायची. बाईंचा दंडक होता: "आधी नवऱ्याला आण." त्याची तपासणी झाल्याशिवाय बाईच्या अंगाला हात लावणार नाही. जिन्यावरनं हे वाक्य मला दिवसाकाठी इतक्या वेळा ऐकू यायचं, की माझा कंपाउंडर झोपेत ते बडबडतो अशी त्याच्या बायकोनं तक्रार केली होती.

नवरे यायचे नाहीत, आले तर फुगून यायचे. केमचा एक गडी आला होता, मानेची जाडी मांडीएवढी. बाईंना म्हणाला, "मला कशाला तपासताय? मी तालमीतला हाय." बाई म्हणाल्या, "मग काय, माझ्याशी कुस्ती धरणार आहेस? बाटली घे आणि मागच्या खोलीत जा." गडी लालबुंद होऊन जिना उतरला तो थेट स्टेशनात. बाई वरनं ओरडत होत्या, "पळ! तालमीत हेच शिकवलं काय तुला?" खाली माझे पेशंट हसत होते, आणि त्यात हसण्यामुळं हलल्यानं एकाची छातीची फिल्म वाया गेली. ती मला पुन्हा काढावी लागली.

नवऱ्याचं ठीक निघालं, की मग बायकोचा नंबर आणि माझाही. गर्भाशयात खालून रंगाचं औषध सोडायचं आणि एक्स-रे काढायचा. औषध दोन्ही नळ्यांतनं पुढं जाऊन पोटात सांडलं, तर नळ्या मोकळ्या. अडलं, तर बंद. कागदावर तपासणी सोपी. पण ती पाळी येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत करावी लागते, नंतर करून चालत नाही, कारण कोण जाणे, मूल राहिलेलं असलं तर? बाई दिवस मोजून सांगायच्या. सासवा पंचांग बघून यायच्या. "त्या दिवशी अमावास्या हुती बाई, म्हणून आज आणली." झालं. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "अमावास्या आकाशात असते, हिच्या पोटात नसते! जा, पुढच्या महिन्यात ये!" मग त्या सासवा खाली येऊन माझ्याकडं रदबदली करायच्या, "तुमीच काढा की फोटू, बाईला कळू देऊ नका." मी हात टेकले होते.

आणि तपासणीचा थाट तरी किती! मला बारा पेशंट खोळंबलेले असायचे आणि बाई औषधाची बाटली कोमट पाण्यात ठेवून बसायच्या. गार औषध चालणार नाही. टेबलाचा पत्रा गार, त्यावर घोंगडी. मग पेशंटशी गप्पा. शेतात काय पेरलंय, म्हैस किती दूध देते, नणंद कशी आहे. आखडलेलं सैल पडायचं इंजेक्शन देऊन पुन्हा थांबायचं. औषध सोडायचं तेही थेंब थेंब. मी घड्याळ बघितलं, की "तुझं घड्याळ बाहेर ठेव, तिला दिसतंय."

मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझ्या अंगाशी कुणी असं केलं तर तू पाच मिनिटांत मोकळा होशील?" त्या म्हणाल्या. "भ्यालेली बाई आत सगळं आवळून धरते. नळीचं तोंड मिटतं. औषध पुढं जात नाही. तू लिहून मोकळा, बंद. अरे, आपल्या नळाला पाणी आलं नाही म्हणजे काय पाईप चोंदला? वरनं कुणीतरी चावी आवळलेली असते."

सोलापुरात ज्यानं पहाटे घागर घेऊन नळाची वाट बघितली आहे, त्याला यापुढं वाद घालता येत नाही. तरी मी घालायचो. माझं म्हणणं, फिल्म ती फिल्म. त्यांचं म्हणणं, फिल्म ती सावली. त्या काळात पुण्यामुंबईकडं दुर्बिणीची तपासणी सुरू झाली होती. बेंबीखाली छोटीशी चीर, पोटात हवा भरायची आणि नळी घालून डोळ्यांनी आत बघायचं. बाईंनी ती कुठंतरी शिकून घेतली होती आणि तेव्हापासून माझी फिल्म त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. मी म्हणायचो, पोट फाडून बघण्यापेक्षा सावली परवडली. शिवाय दुर्बिणीला गर्भाशयाच्या आतलं काय दिसतं? कप्पाळ! आतला पडदा, आतली गाठ माझीच फिल्म दाखवते. यावर बाई एकदाच थोड्या नरमल्या. म्हणाल्या, "तेही खरं आहे. तू घराच्या आतनं बघतोस, दुर्बीण बाहेरनं बघते. दोघांनी एकमेकांचं घर बघितलेलं नाही. म्हणून तर दोन्ही पाहिजेत." नरमल्या म्हणून मी खूश होतो आहे तोवर पुढचं वाक्य आलं, "पण भांडण झालं तर मी डोळ्यांचं ऐकणार, सावलीचं नाही."

भांडण झालं, ते कस्तुरावरनं.

कस्तुरा मंद्रूपजवळच्या वस्तीवरची. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. लग्नाला सहासात वर्षं झालेली, मूल नाही. सासू नागव्वा तिला घेऊन आली, ती हातात फिल्म घेऊनच. दुसऱ्या कुठल्या तरी गावी काढलेली होती आणि दोन्ही नळ्या बंद असा शेरा तोंडी मिळालेला होता. नागव्वानं ती फिल्म भावकीत सगळ्यांना उन्हात धरून दाखवली होती. दारात उभं राहून चार म्हाताऱ्यांनी सुनेचं पोट बघितलं आणि निकाल दिला. त्याप्रमाणे पुढचं ठरलंही होतं: सुगी झाली की कस्तुराची धाकटी बहीण रेणुका त्याच घरात दुसरी म्हणून आणायची. घरचीच पोरगी, परकी सवत नको, म्हणून. यात त्या लोकांना आपण मोठा दिलदारपणा करतोय असं वाटत होतं.

"मग माझ्याकडं कशाला आलात?" बाईंनी विचारलं.

"हिचा हट्ट," नागव्वा म्हणाली. "म्हणती, मोठ्या बाईला दाखवूया. दाखवलं म्हंजी तोंड तरी बंद हुईल की."

कस्तुरा आतापर्यंत खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाई, रेणी अजून लहान हाय. शाळंत जाती. मला कायबी म्हणा, पण तिला त्या घरात आणू नका म्हणून कुणीतरी सांगा."

बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "आधी नवऱ्याला आण."

आणि नवरा चक्क आला! आठवड्याच्या आत. तिशीचा, काटक, डोक्याला पटका, अंगात बाराबंदी. सासू बरोबर होती. नाव विचारलं तर म्हणाला, "शिवाप्पा." मुकाट मागच्या खोलीत गेला, बाटली आणून दिली. बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकातनं बघितलं आणि मला वर बोलावून दाखवलं. जिवंत, पळती जत्रा होती. बाई दिवसभर खुशीत होत्या. "बघितलंस? एक तरी नवरा माणूस निघाला. न भांडता आला."

मग आमच्याकडं कस्तुराची तपासणी झाली. घोंगडी, कोमट पाणी, म्हशीच्या गप्पा, सगळे सोपस्कार. डावीकडं औषध थोडं पुढं सरकल्यासारखं दिसलं, सांडलेलं दिसेना. उजवीकडं ठप्प. मी लिहिलं: उजवी बंद, डावी संशयास्पद. बाईंनी ती फिल्म खिडकीशी नेली, उलटी केली, सुलटी केली. "आवळलंय तिनं. माझ्या हाताला कळलंय. दुर्बीण पाहिजे."

दुर्बीण पुण्याला, आणि कस्तुराला पुण्याला कोण पाठवतो? नागव्वाच्या मते तपासण्या संपल्या होत्या. सुगी जवळ येत चालली होती. बाई चिडून जिन्यावर खाली वर करत होत्या. आणि मग एके दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं.

"मंद्रूपला दुर्बीण येतेय," त्या म्हणाल्या.

येत होती, ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरासाठी. नळ्यांना रिंग घालून त्या कायमच्या बंद करायला. जिल्ह्यात दुर्बीण आली ती मुलं थांबवायला, आणि बाई त्याच दुर्बिणीतनं एका बाईला मूल होईल का ते बघणार! मी म्हणालो, "बाई, वेड लागलंय का? वांझ म्हणून हिणवलेली बाई नसबंदीच्या शिबिरात दिसली तर गाव काय म्हणेल? ऑपरेशन करून आली म्हणतील." त्याचा बंदोबस्त त्यांनी आधीच केला होता. कस्तुराच्या धाकट्या जावेला तीन मुलं. तिचं नाव शिबिरात होतंच. कस्तुरा जावेच्या सोबतीला म्हणून येणार होती.

"आणि तू मला तुझ्या फियाटनं नेणार आहेस," बाई म्हणाल्या. मी का, हा प्रश्न त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

शिबिर शाळेत होतं. बाहेर बाजाराचा दिवस, मेंढरं, धूळ, भज्यांचा वास. आत वर्गांतले बाक भिंतीला लावून जमिनीवर बायका ओळीनं निजवलेल्या. पुण्याहून आलेला तरुण सर्जन घामाघूम होऊन एकीमागून एक बाई हातावेगळी करत होता. बाईंनी त्याला गाठलं आणि सांगितलं, "एक माझी आहे. तिचं बंद करायचं नाही. नुसतं बघायचं." त्याला आधी कळलंच नाही. शिबिरावरचा साहेब धावत आला. "बाई, म्हणजे हिचं नाव कुठल्या आकड्यात धरायचं?" बाई म्हणाल्या, "माझ्या आकड्यात. सरक बाजूला."

कस्तुराला टेबलावर घेतलं. मला आयुष्यात इतकी भीती फार कमी वेळा वाटली असेल. त्या सर्जनच्या हाताला दिवसभराची सवय. नर्सनं सवयीनं पुढचं हत्यार रिंग चढवून त्याच्या हातात दिलं, त्यानंही सवयीनं घेतलं. बाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. लहान पोराला मारतात तशी, सणसणीत. हत्यार ट्रेमध्ये पडलं. "म्हटलं ना, नुसतं बघ! डोळे उसने आणलेत काय?" वर्गातल्या पेंगुळलेल्या बायकासुद्धा माना वर करून बघायला लागल्या.

बाईंनी खालून निळं औषध सोडायला सुरुवात केली. थेंब थेंब. त्या गर्दीत, त्या उकाड्यात, चाळीस बायका ओळीत असताना बाई कस्तुराला विचारत होत्या, "मेंढरं किती झाली गं यंदा?" अर्धवट गुंगीतली कस्तुरा काहीतरी सांगत होती. सर्जन दुर्बिणीला डोळा लावून वाकला होता. तो एकदम म्हणाला, "आलं. डावीकडनं आलं. चांगलं वाहतंय." मग थोड्या वेळानं, "उजवीकडनंही येतंय, जरा उशिरा."

बाईंनी मला बोलावलं. मी डोळा लावला. गुलाबी ओलसर कडेवरनं निळा थेंब फुगला, घसरला, मागनं दुसरा आला. उजवीकडनं जेमतेम ओघळत होतं. निदान उजवीनं माझी थोडी तरी लाज राखली. बाईंनी मला टोमणा मारला नाही. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते माझ्याच बाहीला पुसले.

मग त्या हात धुवून, ती बातमी घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या. मी मागं. व्हरांड्यात नातेवाईक बसलेले. खांबाला टेकून तोच पटकेवाला, शिवाप्पा. बाई लांबूनच ओरडल्या, "शिवाप्पा! अरे उठ! तुझ्या बायकोच्या दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत!"

तो उठला नाही. त्याच्या मांडीवर दोनअडीच वर्षांचं पोर होतं. ते त्याच्या मिशा ओढत होतं आणि त्याला 'अप्पा, अप्पा' म्हणत होतं.

बाई थांबल्या. "हे कुणाचं?"

"माजंच की," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"आणि बायको?"

"आत हाय. आपरेशनला."

मला काही क्षण काहीच उलगडेना. बाईंना उलगडलं. पलीकडं नागव्वा पानाची चंची सोडून बसली होती. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हा कोण?"

"धाकला माजा. मल्लाप्पा." नागव्वानं मुळीच न गडबडता सांगितलं. "थोरला लाजतो वो बाई. स्टँडापतूर आला हुता त्या दिवशी, पुढं येईना. म्हणून ह्याला धाडलं. भाऊ भाऊच की. रगत एकच हाय."

 ज्या बाई माझ्या फिल्मवर विश्वास ठेवत नव्हत्या, सावली म्हणून हिणवत होत्या, त्यांनी एका माणसानं सांगितलेल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. आणि त्या बिचाऱ्या पोरीच्या पोटात दोनदा औषध गेलं, एकदा दुर्बीण गेली! नागव्वाला यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. शेजारच्याकडनं विरजण आणावं तसं तिनं धाकट्याकडनं काम भागवलं होतं. मला तिचा गळा धरावासा वाटला. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की मला आवाज ऐकू आला. "अय्यो शिवने," एवढंच म्हणाल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसल्या. शिव्या तीन भाषांत येत असून एकही सुचेना, असं मी एवढ्या वर्षांत तेवढंच एकदा पाहिलं.

कस्तुराची गुंगी उतरल्यावर बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता.  ती वरच्या कौलांकडं बघत म्हणाली, "माजं आतलं सगळ्यांनी बघितलं. भावकीनं उन्हात धरून बघितलं. त्येंचं कुणीच न्हाय बघितलं." ती रडली नाही. संध्याकाळी ती जावेबरोबर घरी गेलीच नाही. तिथल्या तिथं माहेरच्या गावची बस धरली. जाताना सासूला एवढंच सांगितलं, "त्येनी बाईकडं जाऊन येऊ दे. तवर मी येत न्हाय. आणि रेणीला न्यायला कोण आलं तर मी चावडीत उभी राहून सगळं बोलीन."

पुढचे काही आठवडे बाईंनी मला जगणं नको केलं. प्रत्येक नवऱ्याला आता त्या गावाचं नाव, बापाचं नाव, बायकोच्या आईचं नाव विचारायला लागल्या. एका बँकेतल्या कारकुनाला म्हणाल्या, "तुझ्या बायकोच्या पाठीवर तीळ कुठं आहे सांग, मग बाटली देते." तो बिचारा माझ्याकडं येऊन रडकुंडीला आला. शिवाप्पा मात्र येत नव्हता, आणि सुगी सुरू झाली होती.

मग एका दुपारी मी जेवून परत आलो, तर माझ्या एक्स-रेच्या खोलीचं दार बंद आणि दारासमोर स्टुलावर उमराणीकरबाई बसलेल्या. बाहेर बाकावर माझे पेशंट. त्यांना त्या शांतपणे सांगत होत्या, "मशीन बिघडलंय. बसा."

"बाई, मशीन कधी बिघडलं? सरका, तो पोरगा हात मोडून आलाय."

त्यांनी माझं मनगट धरून मला खाली वाकवलं. "हळू बोल. शिवाप्पा आत आहे. वर सगळ्या बायका बसल्यात, तिथं त्याचा पाय वळेना. तुझ्या खोलीला कडी चांगली आहे."

मी कपाळाला हात लावला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं कडी निघाली. शिवाप्पा भावापेक्षा थोराड, पण खांदे पडलेले, टॉवेलात तोंड अर्धं लपवलेलं. बाईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बाटली घेतली आणि स्वतः वर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी काय ते समजलो. त्या बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. पेशंटच्या शेजारी बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाज इतका खाली, की मला जेमतेम ऐकू आलं.

"तुझ्यात बीजच नाही, बाळा. एकही नाही. यात तुझी चूक नाही. पण तिचीही नव्हती."

"औषध?"

"आज तरी माझ्याकडं नाही."

तो टॉवेलाची दशी पिळत राहिला. मला वाटलं आता चिडेल, बाईंना खोटं पाडेल, उठून जाईल. तसे पुष्कळ बघितले होते. तो म्हणाला, "बाई, आता ती मला ठेवंल का?"

  बाई उठल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय उभा राहिलास? गाडी काढ. याला तिच्या माहेरी सोडून ये. बसच्या गर्दीत हा मधेच उतरेल."

"आणि माझे पेशंट?"

"ते मी बघते. जा!"

मी गेलो. दुसरं काय करणार?  तिथं कस्तुरा अंगणात कडबा रचत होती, परकर-पोलक्यातली रेणुका तिला पेंढ्या देत होती. शिवाप्पा जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "माज्यातच हाय." कस्तुरानं पेंढी खाली ठेवली. "आईला सांगितलं?" "न्हाय." "मग आदी तितं सांगा." मुकाट पुन्हा गाडीत बसलो, या वेळी कस्तुराही मागं बसली. त्यांच्या वस्तीवर नागव्वा दारातच होती. शिवाप्पानं तिला आत नेलं नाही. चार शेजारी होते, त्यांच्यासमोर, मेंढरांच्या ओरडण्यावर आवाज चढवून तो म्हणाला, "आये, दोष माज्यात हाय. रेणीचं नाव परत ह्या घरात काढायचं न्हाय." नागव्वा म्हणाली, "हळू बोल की रं." तो हळू बोलला नाही. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. मग कस्तुरा गाडीतनं उतरली, पदर खोचला आणि आत चूल बघायला गेली.

मी सोलापुरात परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर बाई एकट्या बसल्या होत्या, कोटाची बटणं तशीच उघडी. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडं पाहून मला पहिल्यांदा वाटलं, बाई थकल्यात.

"काय झालं?"

"ठेवलं," मी म्हणालो. "ठेवलं तिनं त्याला."

त्यांनी मान फिरवली. पदर डोळ्यांना लावला, बराच वेळ लावूनच ठेवला. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या, हे कबूल करायला हरकत नाही. मग त्या उठल्या आणि जिना चढता चढता ओरडल्या, "मग एवढा वेळ कशाला लावलास? तुझा तो मोडक्या हाताचा पोरगा वर बसवलाय मी! भाकरी चारली तरी रडं थांबेना त्याचं! चल, मशीन चालू कर!"